पाळीवरचे चौघे

१

"हा फोटो तुम्ही काढला?"

उपनिरीक्षक राऊतांनी टेबलावरून एक फोटो पुढे सरकवला. डिंपल हेडाऊ पोलीस ठाण्यात आली होती ती चारित्र्य पडताळणीच्या कागदावर सही करायला. नागपूरच्या विमानतळावर तिला नोकरी लागली होती. उतरलेलं विमान जागेवर लावायचं, शिडी जोडून घ्यायची, सामान उतरवून घ्यायचं असं विमानतळाच्या आतलं काम. पोलिसांचा चांगला शेरा मिळाला की प्रवेशपास, आणि पास मिळाला की नोकरी. पंधरा मिनिटांत काम होईल म्हणून तिने आईला डाळीला फोडणी देऊन ठेवायला सांगितलं होतं.

फोटोत एक विमान नुकतंच धावपट्टीला टेकत होतं. चाकांमागे पांढऱ्या धुराचा गोळा उठला होता. आणि विमानाच्या शेपटीमागे, अगदी स्पष्ट, सुरक्षा दलाचा पहाऱ्याचा मनोरा होता. वर बंदूकधारी जवानसुद्धा दिसत होता.

"सोबत हे पत्र आलं," राऊत म्हणाले आणि त्यांनी ते वाचूनच दाखवलं. "सदर मुलगी दर पंधरा दिवसांनी विमानतळाच्या भिंतीजवळ जाऊन सुरक्षा मनोऱ्याचे फोटो काढते व ते परदेशी वेबसाइटवर टाकते. अशा मुलीला विमानतळावर आतमध्ये नोकरी मिळाली आहे. तिच्या कॅमेऱ्यातील फोटो सोबत जोडला आहे. एक जागरूक नागरिक."

डिंपल म्हणाली, "साहेब, आम्ही विमानाचे फोटो काढतो. छंद आहे आमचा. मनोरा कधीच नाही काढत. चुकून आला तरी ठेवत नाही."

"मग हा कोणाचा?"

तिने फोटो पुन्हा पाहिला. धुराचा तो गोळा तिला चांगला आठवत होता. चार जानेवारीचा रविवार, सकाळचं धुकं, हैदराबादहून आलेलं विमान. असा धूर तिला पहिल्यांदाच इतका नीट सापडला होता, आणि मागे मनोरा आला म्हणून तिने मन घट्ट करून तो फोटो उडवला होता.

"माझाच आहे," ती हळूच म्हणाली. "पण साहेब, हा तर मी तिथंच, उभ्या उभ्या पुसून टाकला होता. घरी आणलाच नाही."

राऊतांनी फाइल मिटली. "मला आठ दिवसांत शेरा पाठवायचा आहे. तोपर्यंत काय ते सिद्ध करा. नाहीतर मी चांगलं लिहू शकत नाही."

बाहेर व्हरांड्यात विनोद हवालदार भेटला. तो तिच्या वडिलांना, हातमागावर विणकाम करणाऱ्या नंदलालजींना ओळखत होता. इकडंतिकडं पाहून तो म्हणाला, "रडू नको व पोरी. साहेबांनं थो फोटो मोठा करायले मंदाबाईकडे द्याचं ठरवलं आहे. मी आत्ता घेऊनच जाऊन राहिलो. तू बी चाल."

२

मंदाबाई निंबार्तेंचा स्टुडिओ भंडाऱ्याच्या बाजारात, पितळी भांड्यांच्या दोन दुकानांच्या मधोमध होता. नवरा फोटो काढायचा तेव्हा ती अंधाऱ्या खोलीत बसून ते धुवायची. तो गेल्यावर कॅमेराही तिनेच उचलला. तीस वर्षं पोलिसांचे पंचनाम्याचे फोटो याच दुकानातून निघाले. अपघात, चोऱ्या, विहिरीतली प्रेतं, सगळं पाहून झालेली बाई. आता वय पासष्ट, दुकानात आधार कार्डाचे आणि लग्नाच्या बायोडेटाचे फोटो. पण गुंतागुंतीचं काही आलं की राऊत अजून तिच्याकडेच पाठवायचे.

मंदाबाईने फोटो भिंगाखाली धरला, मग विनोदने आणलेलं पत्राचं पाकीटही पाहिलं, आणि ते विनोदला परत करण्याआधी दोन्हींचे मोबाइलवर फोटो काढून घेतले.

"बस," तिने डिंपलला स्टूल दिलं. "फोटो काढाले तुमच्यासंग कोन कोन राह्यतं, मले सुरुवातीपासून सांग."

डिंपलने सांगितलं. एक रविवार सोडून एक रविवार चौघं जण पहाटेच्या एसटीने नागपूरला जायचे. विमानतळाच्या भिंतीबाहेर एका शेताची उंच पाळ, मातीचा बांध आहे, तिथून धावपट्टीचं टोक दिसतं. शेतमालकाची हरकत नव्हती. वीरेंद्र पटले हा तुमसरच्या राइस मिलवाल्यांचा मुलगा. त्याच्याकडे सगळ्यांत मोठी लेन्स होती, पण फोटो डिंपलचेच जास्त नावाजले जायचे आणि त्यावरून तो चिडायचा. कमलेश बांते याचं भंडाऱ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान, ग्रुपचं इंटरनेटवरचं पान तोच चालवायचा. आणि चंद्रकुमार गभणे सर.

"सरांनीच आम्हाला शिकवलं सगळं," डिंपल म्हणाली. "बावीस वर्षं मुंबईच्या विमानतळावर इंजिनिअर होते. इंजिनाच्या आवाजावरून विमान ओळखतात. फोटो नाही काढत ते, वहीत फक्त विमानाचे नंबर लिहितात. लांबून नंबर वाचता नाही आला तर छोट्या कॅमेऱ्यात टिपून घेतात अन् घरी जाऊन वाचतात. मला मुलाखतीची तयारी त्यांनीच करून दिली. तिथले ट्रेनिंगचे साहेबही मुंबईच्याच विमानदुरुस्तीच्या हँगरमधून आलेले, सरांच्याच काळातले. केवढा योगायोग!"

"मंग त्या दिवशी काय झालं?"

"माझं कार्ड भरलं होतं. वीरेंद्रनं त्याचं जास्तीचं कार्ड दिलं. त्याच्यावरच काढले सगळे. हा फोटो पुसला, बाकीचे कमलेशदादानं पानासाठी आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतले, मला पाठवले, अन् कार्ड वीरेंद्रला परत दिलं."

"पुसलेला फोटो परत काढता येते म्हणतात."

ही गोष्ट डिंपलच्याही डोक्यात ठाण्यापासून घुमत होती. कमलेशच्या दुकानावर पाटीच होती, 'डिलीट झालेले फोटो परत मिळतील'.

मंदाबाईने पाकिटाचा फोटो मोठा करून तिच्यापुढे धरला. "अन् हा शिक्का पाह्य."

गोल काळा शिक्का. तारीख १६ जानेवारी. मधोमध गावाचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. तुमसर.

"वीरेंद्र," डिंपल पुटपुटली.

३

आधी दोघी कमलेशकडे गेल्या. तो एका फोनचं पोट उघडून बसला होता. ऐकल्यावर त्याने हातातला चिमटा खाली ठेवला.

"मी काहून करीन, डिंपल? तुह्या फोटोमुळं तं आपलं पान चालते."

"पुसलेला फोटो तुम्हीच काढू शकता, दादा."

"काढू शकतो. काढला नाही." त्याने लॅपटॉप उघडला. "मी जेवढं उतरवलं तेवढं हे. चारशे बारा नंबरचा फोटो आहे, चारशे चौदा आहे. तेरा नाही. अन् ज्या वेळी इमान उतरलं त्या वेळी मी व्हिडिओ घेऊन राहिलो होतो. हा पाह्य."

मंदाबाईने चष्मा पुसला आणि व्हिडिओ तीनदा पाहिला. कमलेश मागच्या नाल्यावरच्या छोट्या पुलावरून सगळ्यांचं चित्रण करत होता. पाळीवर डावीकडे सर घडीच्या स्टुलावर बसलेले, गुडघ्यांमुळे त्यांना उभं राहवत नसे. मफलर, मांडीवर वही. त्यांच्या बाजूला डिंपल उभी, कॅमेरा डोळ्याला. उजवीकडे वीरेंद्र, कॅमेऱ्याच्या छातीइतक्या उंच तिपाईमागे. समोर विमान उतरतं, डिंपल आनंदाने ओरडते.

"हा व्हिडिओ अन् थे दोन्ही फोटो मले दे," मंदाबाई म्हणाली.

मग त्यांनी तुमसरची एसटी धरली. मिलच्या फाटकाशी मंदाबाईने तिचा दंड धरला. "आधी विचारू. आपल्याजवळ पक्कं काही नाही."

पण वीरेंद्र समोरच होता, पोत्यांची गाडी भरून घेत. दहाबारा मजूर, मुनीम, गाडीवाला. त्याला पाहिलं आणि डिंपलचा तोल सुटला.

"माझे फोटो तुझ्यापेक्षा चांगले येतात म्हणून एवढं केलंस? सरळ पोलिसात पत्र टाकलंस?"

"काय बोलून राहिली तू?"

"तुझं कार्ड, तुझं गाव. तुमसरचा शिक्का आहे पाकिटावर. चोर आहेस तू, वीरेंद्र! पाठीत सुरा घालणारा!"

मजुरांचे हात थांबले. मुनीम ऑफिसातून बाहेर आला. मंदाबाईने पुढे होऊन शांतपणे सगळं सांगितलं, फोटो, पत्र, आठ दिवसांची मुदत.

"थे कार्ड मी त्याच रात्री साफ करून टाकलं," वीरेंद्र म्हणाला. तो डिंपलकडे पाहत नव्हता. "दुसऱ्या दिवशी मिलच्या मशिनीचे फोटो काढायचे होते. इचारा मुनीमजीले. अन् एक सांगतो, काकू. हिले नोकरी लागली हेच मले अठरा तारखेले समजलं. पाळीवर हिनं पेढे वाटले तेव्हा. मीच पह्यला पेढा खाल्लो."

तो वळून आत निघून गेला.

परतीच्या एसटीत मंदाबाई खिडकीतून कापलेल्या धानाच्या बांध्या, बांध घातलेली रिकामी शेतं पाहत होती. मोहाडी गाव मागे पडल्यावर ती बोलली.

"पत्रात नोकरीचं लिहिलं आहे. पत्र टाकलं सोळाले, शुक्रवारी. पेढे वाटले अठराले, रविवारी. मंग सोळाच्या आधी तुह्या नोकरीचं कोनाले ठाऊक होतं?"

"चौदाला, संक्रांतीच्या दिवशी ईमेल आला. आईबाबांना सांगितलं."

"आनखी?"

"कोणालाच नाही. पेढे घेऊनच सांगायचं ठरवलं होतं."

"नीट आठव, बाई."

"कोणालाच नाही, काकू. खरंच."

मंदाबाईने तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा तिने पुष्कळदा पाहिला होता. हा तसा नव्हता. पोरगी मनापासून खरं बोलत होती, आणि तरी ते खरं असू शकत नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आतच मंदाबाईचा फोन आला. "ये. चहा इथंच घे."

डिंपल पोचली तेव्हा मोठ्या पडद्यावर तीन फोटो शेजारी शेजारी लावलेले होते. डावीकडे चारशे बारा, उजवीकडे चारशे चौदा आणि मधे पोलिसांकडे आलेला.

"रातभर नाही, पण झोपायच्या आधी तासभर अन् उठल्यावर तासभर पाह्यली," मंदाबाई म्हणाली. "तू मले सांग, भिंतीवरच्या काटेरी तारेकडं पाह्यशील तं काय दिसते?"

डिंपलने पाहिलं. तिच्या दोन्ही फोटोंत खालच्या कडेला भिंतीवरची तार दिसत होती. तिच्या वर मोकळी जागा, आणि त्याच्याही वर विमानाची चाकं. मधल्या फोटोत तार वर चढली होती. बरोबर चाकांवरून आडवी गेली होती.

"तार वर आली आहे."

"तार कायले वर येईल? थे तं भिंतीवर रोवलेली आहे." मंदाबाईने खिडकीच्या गजावर बोट ठेवलं. "उभी राहून या गजाकडून पल्याडच्या दुकानाची पाटी पाह्य. आता खाली बसून पाह्य."

डिंपल उभी राहिली. गज पाटीच्या खाली होता. ती जमिनीवर बसली. गज पाटीच्या मधोमध आला.

ती तशीच बसून राहिली.

"चारशे बारा अन् चारशे चौदा यांच्यात किती वेळ गेला?"

"एक सेकंदही नाही. बटण दाबून धरलं की ओळीने निघतात."

"मंग एका सेकंदात तू खाली बसली अन् पुन्हा उभी झाली काय?"

"नाही. म्हणजे हा फोटो..."

"तुहा नाहीच. तुहा चारशे तेरा खरंच पुसल्या गेला. आपण कालपासून इचारून राहिलो का, पुसलेला फोटो कोनं परत काढला. कोनंच नाही काढला. त्याच घडीले दुसऱ्या कोनं काढला, दुसऱ्या कॅमेऱ्यात. जो तुह्या बाजूले होता, अन् बसलेला होता."

मंदाबाईने व्हिडिओ लावला. आवाज बंद होता. पाळ, धुकं, तिपाईमागे उंचापुरा वीरेंद्र, कॅमेरा डोळ्याला लावलेली डिंपल. विमान खाली येतं. आणि डावीकडे, घडीच्या स्टुलावर, मफलर गुंडाळलेला माणूस वहीवरचा हात उचलून छोटंसं काहीतरी चेहऱ्यासमोर धरतो.

"नाही," डिंपल म्हणाली. "काकू, नाही. ते नंबर टिपत असतील. नेहमी टिपतात."

"त्या दिवशी नंबरच टिपला असन. कट नव्हता तेव्हा. मनोरा आपसूक आला. पण पुढं कामी पडला." मंदाबाईने व्हिडिओ थांबवला. "सर राह्यतात कुठं?"

"तुमसर रोडला. तुमसरजवळचंच स्टेशन ते."

"पत्र तुमसरलेच पडलं. अन् चौदाले ईमेल आल्यावर, पंधरा तारखेले तू कुठं गेलती?"

डिंपलने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आतून आवाज आला.

"सरांच्या पाया पडायला."

"मंग काल मले 'कोनालेच नाही' काहून म्हनली?"

"सर म्हणजे... त्यांना सांगणं म्हणजे कोणाला सांगणं नसतं हो, काकू."

मंदाबाईने तिला चहा दिला. तो तिने घेतला नाही.

"पण का?" डिंपलने विचारलं. "मला तर त्यांनीच तयार केलं. त्यांना काय मिळालं?"

"त्या दिवशी पाया पडल्यावर तू त्याहीले काय काय बोलली? एकेक शब्द आठव."

५

चंद्रकुमार सरांचं घर रेल्वे फाटकाजवळ होतं. दोन खोल्या, समोर तुळस, भिंतींवर विमानांचे फोटो. त्यातले अर्धे डिंपलने काढलेले, तिनेच चौकटीत घालून दिलेले. दुपारची वेळ होती. सरांनी दार उघडलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद दिसला. तो पाहून डिंपलला जास्त लागलं.

"ये, ये. पासचं काय झालं?" सर नेहमी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत. इतकी वर्षं मुंबईत राहिल्यामुळे, असं सगळे समजत.

मंदाबाईने स्वतःची ओळख सांगितली आणि दोन फोटो खाटेवर ठेवले. एक डिंपलचा, एक पोलिसांकडचा. काही आरोप केला नाही. फक्त तारेवर बोट ठेवून सांगितलं की कोण उभं होतं आणि कोण बसलं होतं.

सरांनी फोटो हातात घेतले नाहीत. "योगायोग असू शकतो, बाई. विमानतळाभोवती कितीतरी लोक येतात."

"पाळीवर त्या दिवशी चारच जण होते. व्हिडिओ आहे माझ्याकडं. तुमचा छोटा कॅमेराही दिसते त्यात. आनून दाखवता काय?"

"तो बिघडलाय. देऊन टाकला मी."

"कोनाले?"

सर भिंतीवरची एक चौकट सरळ करू लागले.

"डिंपलनं पंधरा तारखेले तुम्हाले तीन गोष्टी सांगितल्या," मंदाबाई म्हणाली. "नोकरी लागली, हे एक. ट्रेनिंगचे साहेब मुंबईच्या हँगरमधले, तुमच्याच वर्षांतले, हे दुसरं. अन् तिसरं, मुलाखतीत हिनं त्याहीले तुमचं नाव सांगितलं. साहेब बोलले, या नावाचा इंजिनिअर काही आठवत नाही, पण घेऊन ये, भेटू. खरं नं?"

फाटकाची घंटा वाजू लागली. एक मालगाडी आली आणि बराच वेळ जातच राहिली. गाडी गेल्यावर डिंपलने विचारलं, "सर, तुम्ही इंजिनिअर नव्हता?"

सर खाटेवर बसले. त्यांचे गुडघे कटकन वाजले.

"चादरी," ते म्हणाले.

"काय?"

"इमानातल्या चादरी, ब्लँकेटं धुवाचा ठेका होता एका मानसाचा. त्याच्याकडं मुकादम होतो मी." मुंबईचं मराठी गळून पडलं होतं. समोर तुमसर रोडचा एक म्हातारा माणूस बोलत होता. "धुतलेले गाठोडे फाटकापर्यंत नेऊन द्याचे अन् मयले परत आनाचे. बावीस वर्सं. फाटकाच्या आत जाचा पास मले कधी भेटलाच नाही. दोनदा अर्ज केलो. भिंतीबाहेर उभा राहून जेवढं दिसलं तेवढं शिकलो. पुस्तकं आनली, वाचली. जे तुले शिकवलो थे खोटं नाही, डिंपल. एकही नंबर खोटा नाही."

"मला सांगायचं होतं. मी काय केलं असतं? हसले असते?"

"गावात आलो तं लोकं इंजिनिअरसाहेब म्हनाले लागले. कोनतरी बोललं अन् मी नाही म्हटलो नाही. मंग तुम्ही पोरं भेटले. सर म्हनाले लागले." त्यांनी डोळे पुसले नाहीत, ते तसेच गळू दिले. "तू आत गेली असती तं आठ दिवसांत सगळं उघडं पडलं असतं. मी सोचलो, एक-दोन मयने पास अटकन, मंग थे लोक दुसऱ्याले घेतीन. तुले दुसरी नोकरी भेटलीच असती. हुशार आहेस तू."

"पोलिसांच्या कागदावर माझं नाव आलं, सर. परदेशी लोकांना फोटो देते म्हणून. बाबा कालपासून मागावर बसले नाहीत. जेवले नाहीत."

"एवढं होईन असं मले नाही वाटलं."

"तुम्हालाच वाटलं. तुम्हीच लिहिलं ते."

डिंपलने पर्समधून कोरा कागद आणि पेन काढलं.

"लिहा. पत्र तुम्ही टाकलं, फोटो तुम्ही काढला. खाली सही करा."

"डिंपल, त्या दोघांले नको सांगजो. वीरेंद्र, कमलेश... मी पाळीवर येनं सोडून देतो. पन त्याहीले..."

"लिहा."

त्यांनी लिहिलं. अक्षर सुंदर होतं, विमानांच्या नंबरांसारखंच नेटकं. सही करताना मात्र ते थांबले आणि नावापुढे काय लिहावं हे सुचत नसल्यासारखे कागदाकडे पाहत राहिले. मग नुसतंच 'चंद्रकुमार गभणे' लिहून त्यांनी कागद दिला.

बाहेर पडल्यावर डिंपल फाटकाजवळच्या दगडावर बसली. मंदाबाईने तिची पाठ चोळली आणि बाटलीतलं पाणी दिलं.

"तुले एक सांगू?" मंदाबाई म्हणाली. "वैऱ्यानं केलं असतं तं तू घरी जाऊन जेवली असती."

६

राऊतांनी कागद दोनदा वाचला, तारेचे फोटो पाहिले, आणि मंदाबाईकडे पाहून मान हलवली. शेरा चांगलाच जाईल, ते म्हणाले. मग डिंपलला विचारलं, "खोटी तक्रार केल्याबद्दल यांच्यावर कारवाई करायची का? तुम्ही म्हणाल तसं."

डिंपलने टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. सर मुलाखतीच्या आदल्या दिवशी दोन बस बदलून आले होते, तिला धावपट्टीच्या दिव्यांचे रंग पुन्हा एकदा पाठ करून घ्यायला. तेही खरं होतं. आणि हा कागदही खरा होता.

"कारवाई नको, साहेब. पण हा कागद माझ्या फाइलमध्ये राहू द्या. पुढे कधी कोणी उघडली तर त्याला दिसला पाहिजे."

"राहील."

ठाण्यातून ती घरी गेली नाही. तिने तुमसरची बस धरली. मंदाबाईने सोबत येऊ का विचारलं, तर ती नाही म्हणाली.

मिल चालू होती. कोंड्याची धूळ उन्हात तरंगत होती. वीरेंद्र वजनकाट्याजवळ उभा होता, तिला पाहून त्याने मान फिरवली. डिंपल थेट मशीनवाल्याकडे गेली आणि म्हणाली, "दादा, दोन मिनिटं बंद करता का?" त्याने वीरेंद्रकडे पाहिलं. वीरेंद्रने काहीच खूण केली नाही, म्हणून त्याने बंद केली. एकदम शांतता पसरली. परवाचेच मजूर होते, परवाचाच मुनीम.

"मी परवा इथं वीरेंद्रला चोर म्हटली," डिंपल म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. तो चोर नाही. त्यानं काहीच केलं नव्हतं. ज्यानं केलं तो दुसरा निघाला. मी चुकली. वीरेंद्र, मी तुझी माफी मागते."

वीरेंद्र पायातल्या चपलेने जमिनीवरचं धान गोळा करत राहिला.

"कोन होता?" त्याने शेवटी विचारलं.

तिने सांगितलं. वीरेंद्र काट्याच्या कठड्यावर बसला. त्याच्याही चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं. तो तर अकरा वर्षांचा असल्यापासून सरांकडे जात होता, तिच्याही आधीपासून.

"पाच वर्सं झाले, तू अन् मी एका पाळीवर उभं राहून राहिलो," तो म्हणाला. "माझं कार्ड तुह्या कॅमेऱ्यात, तुहा डबा माह्या बॅगीत. अन् शिक्का पाह्यल्याबरोबर तुले मीच दिसलो. सरांवर तुले आत्ताही भरोसा करावा वाटून राहिला असन. माह्यावर एक मिनिट नाही करता आला."

"नाही करता आला," डिंपल म्हणाली.

तिला वाटलं तो आणखी बोलेल, रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं. तो उठला, त्याने मशीनवाल्याला हात केला. पट्टा फिरला आणि मिलचा आवाज पुन्हा सगळीकडे भरून गेला. त्या आवाजात तो काहीतरी म्हणाला. तिला ऐकू आलं नाही. तिने जवळ जाऊन कान पुढे केला.

"पास भेटल्यावर कळवजो," तो ओरडला. "ग्रुपवर नको टाकू. मी ग्रुप सोडला."

मग तो पोत्यांच्या गाडीकडे गेला आणि डिंपल एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागली.